हाफकिन नावाचा माणूस

हाफकिन हे एखाद्या कंपनीचे नाव असावे असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. मी सहावीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या गावी गेले होते. तेथे धुऱ्यावर काम करताना मामाच्या गड्याला साप चावला. त्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले आणि सुदैवाने तो वाचला. त्या इंजेक्शनची एक रिकामी बाटली त्याच्या बायकोने पदराला बांधून घरी आणली आणि देवळीत ठेवली. त्या बाटलीवर मी हाफकिन हे नाव प्रथम वाचले. पुढे पोलिओच्या डोसाच्या वेळीही ते कानावर आले. तो एक माणूस होता, हाडामांसाचा आणि बराचसा दुर्दैवी, हे मला कळले ते यंदा, तृतीय वर्षाच्या इतिहास प्रकल्पामुळे.

प्रकल्पाचा विषय सरांनी दिला होता तो १८९६ च्या प्लेगचा. आमच्या घरी या रोगाला गाठीचा ताप म्हणत. उंदीर पडू लागले की लोक घरेदारे सोडून शिवारात झोपड्या घालून राहात, असे आजी तिच्या आजीकडून ऐकलेले सांगे. मला वाटले, सोपा विषय मिळाला. वस्तुतः वाचावयास बसले तेव्हा पहिल्याच दिवशी अडले. हाफकिन यांच्या खटल्यावर, म्हणजे ज्याला मी खटला म्हणते त्यावर, एका परदेशी नियतकालिकात अलीकडे आलेला एक लेख मला हवा होता. संगणकावर त्याचे नाव दिसत होते, पहिल्या दहा ओळीही दिसत होत्या. पुढे वाचावयाचे असेल तर डॉलर भरा, तेही एका दिवसासाठी! तेवढ्या पैशात माझा दोन महिन्यांचा सिटी बसचा पास निघतो. गंमत अशी की खुद्द हाफकिन यांनी जून १८९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपल्या प्लेगच्या लशीविषयी जो निबंध लिहिला, तो मात्र त्याच संगणकावर पूर्णपणे फुकट वाचावयास मिळतो. तेव्हा मी त्या निबंधापासूनच सुरुवात केली.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा हा विद्यार्थी स्वसंरक्षणाच्या पथकात उभा राहिला, जखमी झाला आणि पकडला गेला. मेचनिकोव्ह यांनी रदबदली करून त्याला सोडविले. शिक्षण उत्तम झाले, पण प्राध्यापकाची जागा हवी असेल तर ख्रिस्ती व्हावे लागेल अशी परिस्थिती होती. त्यांनी धर्म बदलला नाही आणि जागाही मिळाली नाही. १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चर यांच्या संस्थेत.

पॅरिसमध्ये त्यांना मिळालेली जागा ग्रंथालयातील होती. दिवसा पुस्तके लावावयाची, नोंदी करावयाच्या आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जावयाचे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी कार्डे लावण्याचे काम काही महिने केले असल्यामुळे असेल कदाचित, पण हाफकिन यांच्या चरित्रातला हा तपशील मला सर्वांत जवळचा वाटला. ज्याला प्रयोगशाळेत खुर्ची नव्हती त्याला निदान कपाटे उघडी होती. वाचावयास कोणी पैसे मागत नव्हते.

त्याच संस्थेत त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. युरोपात त्यांच्या लशीचे फारसे स्वागत झाले नाही. लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे वकील होते आणि पूर्वी ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन मार्च १८९३ मध्ये कलकत्त्यास येऊन पोहोचले. पटकीचे माहेरघर गंगेच्या मुखाशी, तेव्हा लशीची खरी परीक्षा तेथेच व्हावयाची होती.

या परीक्षेची त्यांची रीत मला फार आवडली. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्यातील काटाल बागान नावाच्या वस्तीत पटकी शिरली. तेथे सुमारे दोनशे माणसे राहात होती. त्यांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. पुढच्या दिवसांत जे पटकीने आजारी पडले आणि दगावले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या लोकांत, टोचलेले किती आणि न टोचलेले किती याचा असा हिशेब त्यांनी जागोजाग ठेवला आणि छापला. लोकांचा विश्वास मात्र आकड्यांनी बसत नसे. एका वस्तीत दगडफेक सुरू झाली तेव्हा त्यांनी सदरा वर करून सर्वांसमक्ष आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःला टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले, अशी हकीकत सांगतात. दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांना त्यांनी लस दिली. मलेरियाने शरीर पोखरले तेव्हा कोठे ते काही महिने इंग्लंडला गेले.

आता मुंबई. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या रोगाचा रोगी ओळखला. तो प्लेग आहे हे मानावयासच सरकारला आणि व्यापाऱ्यांना जड जात होते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर हाफकिन मुंबईत आले. त्यांना जागा मिळाली ती ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली आणि तिच्यापुढची पडवी, आणि मदतीस एक कारकून व तीन शिपाई! मुंबई इलाख्यासारख्या श्रीमंत इलाख्याने प्लेगशी लढण्यास केलेली ही तरतूद. कामाच्या ताणाने मदतनीस टिकेनात. हाफकिन स्वतः मात्र तीन महिने तेथेच होते.

लस करण्याची त्यांची कृती मी त्या निबंधात वाचली तेव्हा क्षणभर स्वयंपाकघरातच आहोत असे वाटले. प्लेगचे जंतू वाढवावयास मांसाचा रस्सा लागतो. गाईचे किंवा डुकराचे मांस येथील लोकांस चालणार नाही, म्हणून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. रस्स्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबू लागतात, गुहेतल्या लवणस्तंभांसारखे. ते हलवून पाडावयाचे, पुन्हा वाढू द्यावयाचे, असे काही आठवडे केल्यावर तो रस तासभर तापवून जंतू मारावयाचे आणि वर थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे. ही सगळी कृती त्यांनी छापून टाकली. कोणत्याही देशातील कोणीही ती वाचावी आणि लस करावी. तिच्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेले दिसत नाही.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे ठरलेल्या मात्रेहून ती कितीतरी अधिक होती. ताप भरला, दंड ठणकला आणि उतरला. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने टोचून घेतले, निम्म्यांनी घेतले नाही आणि दोघांचा हिशेब पुन्हा शेजारीशेजारी मांडला गेला. तुरुंगातील माणसाच्या स्वखुशीला कितपत अर्थ असतो असा प्रश्न आज आपण विचारू आणि तो विचारलाच पाहिजे. लस टोचलेल्यांत रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होते एवढे मात्र स्पष्ट झाले. ती रामबाण नव्हती, आणि हाफकिन यांनीही तसे म्हटले नाही.

याच दिवसांत पुण्यात काय चालले होते ते आपण शाळेपासून शिकतो. घरोघर शिरून तपासणी, बायकांची विटंबना, सामान जाळणे आणि २२ जून १८९७ रोजी चापेकरांनी केलेला रँडसाहेबाचा वध. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. एकीकडे गोऱ्या शिपायांच्या संगिनी आणि दुसरीकडे पडवीत बसून तुपाचे थेंब मोजणारा एक परदेशी माणूस. लोकांनी दोघांना एकाच मापाने मोजले असेल तर त्यांना दोष देता येत नाही. सरकारी सुई आणि सरकारी बूट यांत फरक करावा तरी कसा?

फरक करणारेही निघाले. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी आपला खुश्रू लॉज हा बंगला हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी दिला, स्वतः सर्वांसमोर टोचून घेतले आणि अनुयायांनाही टोचावयास लाविले. सरकारची तिजोरी उघडली ती मात्र निराळ्या कारणाने असे माझे मत आहे. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे युरोपातील राष्ट्रांची परिषद भरली ती केवळ प्लेगवर. मुंबईची जहाजे अडविली जाऊ लागली.  कापसाची गाठ अडली की गाठीच्या रोगाला पैसा मिळतो! असो. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळा थाटात सुरू झाली. एका गव्हर्नरसाहेबांची पत्नी १८८२ मध्ये याच वाड्यात पटकीने वारली होती आणि पुढे गव्हर्नरांचा मुक्काम तेथून हलला होता. त्या जागेत पटकीवर लस काढणारा माणूस संचालक म्हणून बसला.

येथे थोडे विषयांतर करते. आमच्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबे पुष्कळ. समोरच्या कापड दुकानातले दादा नव्वदीकडे झुकले आहेत. मी प्लेगचे वाचते आहे हे कळल्यावर त्यांनी मला दुकानात बसवून घेतले. त्यांच्या आजोबांनी कराचीत प्लेग पाहिला होता. मुंबईपाठोपाठ डिसेंबर १८९६ मध्ये तो कराचीत पोहोचला. दादांना जे माहीत नव्हते ते मी त्यांना सांगितले. प्लेग उंदरावरच्या पिसवेतून माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने जून १८९८ मध्ये कराचीतच, एका हॉटेलातल्या तात्पुरत्या प्रयोगशाळेत दाखवून दिले. त्याने ते प्रसिद्ध केले, पण बहुतेकांनी त्याला हसण्यावारी नेले. परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर पुन्हा प्रयोग झाले तेव्हा त्याचे म्हणणे खरे ठरले. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला चहा पाजला आणि त्या हॉटेलचे नाव विचारले. मी ते लिहून दिले.

परळहून लशीच्या बाटल्या सगळ्या देशात जाऊ लागल्या. पंजाबात प्लेग फार होता आणि मागणी लाखांत. लस लवकर तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कृतीत बदल केला. कार्बोलिक ॲसिड वगळून केवळ उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत घेतली. पाश्चर यांच्या संस्थेत ती रूढ होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना टोचण्यात आले. पैकी १९ जणांना ५३-एन या क्रमांकाच्या बाटलीतून. आठवड्याभराने त्या एकोणिसांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही मेले. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

एकोणीस माणसे मेली. हाफकिन यांची बाजू मांडताना मी हे विसरू इच्छीत नाही. त्यांची नावे मला कोठे सापडली नाहीत. बाटलीचा क्रमांक तेवढा सगळ्यांनी जपून ठेवला.

सरकारने चौकशी समिती नेमली. मुंबईचे मुख्य न्यायाधीश तिचे अध्यक्ष होते. समितीचे मत असे पडले की धनुर्वाताचे विष बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, आत गेले असावे, आणि कार्बोलिक वगळले हे चुकले. हाफकिन यांचे संचालकपद गेले. ते वैद्य नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. ते इंग्रज नव्हते, रशियन होते, त्यातून ज्यू. सरकारी वैद्यकीय नोकरीतील साहेबमंडळींना हा माणूस पहिल्यापासून खुपत होता. ते लंडनला गेले आणि पदरात कलंक घेऊन बसून राहिले.

माझ्या मते या चरित्राचा मर्मभाग पुढे आहे. समितीपुढे झालेल्या साक्षी कचेरीतच पडून राहिल्या. ज्यांना जंतुशास्त्र कळते अशा बाहेरच्या माणसांनी त्या वाचलेल्याच नव्हत्या. दुर्घटनेनंतर चार वर्षे लोटली तेव्हा कोठे ती कागदपत्रे छापली गेली. आणि छापली जाताच चित्र पालटले. त्या साक्षींतच लिहिलेले होते की बाटली उघडणाऱ्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच ओढले होते. त्यांतच हेही होते की बाटली उघडल्यावर तिला वास नव्हता, आणि धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे आत वाढले असते तर घाण सुटली असती. रोगाची लक्षणे आठवड्याने दिसली हेही ताज्या मातीकडे बोट दाखविणारे होते. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनी लेख लिहिले आणि जुलै १९०७ मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने हाफकिन यांना दोषमुक्त करून पुन्हा नोकरीवर बोलाविले. नवा पुरावा एकही सापडला नव्हता. होता तोच पुरावा लोकांना वाचावयास मिळाला, इतकेच.

परळची जागा मात्र भरलेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठविण्यात आले आणि माणसांवर प्रयोग करण्याची मोकळीक दिली गेली नाही. पटकीच्या लशीत सुधारणा करावयाच्या त्यांच्या मनात होत्या, त्या कागदावरच राहिल्या. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन फ्रान्सला गेले. उतारवयात ते धर्मनिष्ठ झाले आणि आपली मिळकत त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी ठेवली. ओडेसात ज्या धर्मापायी नोकरी गेली तो त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. लग्न त्यांनी केले नाही.

त्यांच्या हयातीतच, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आले होते. तोपर्यंत मुंबईहून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. या संस्थेचे पहिले भारतीय संचालक साहिबसिंग सोखे हे १९३२ ते १९४९ तेथे होते आणि नंतर जागतिक आरोग्य संघटनेत गेले. औषधे स्वदेशात, सरकारी कारखान्यात आणि पेटंटच्या जाचाशिवाय तयार व्हावीत असा त्यांचा आग्रह असे. पिंपरीचा पेनिसिलिनचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, तो युनिसेफची यंत्रे आणि जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ यांच्या मदतीने. आणि येथील विद्या इतर देशांच्या माणसांनाही शिकता यावी असे त्या मदतीत अभिप्रेत होते. सोखे यांच्यावर कोणी प्रकल्प करणार असेल तर माझी टिपणे मी आनंदाने देईन.

२०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात प्राणवायूच्या सिलिंडरसाठी लोक कसे धावत होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आमच्या गल्लीतून त्या महिन्यात तीन माणसे गेली. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे मागणी केली होती की साथ चालू आहे तोवर लशी आणि औषधांवरचे पेटंटचे हक्क स्थगित ठेवा. त्यावर निर्णय झाला तो जून २०२२ मध्ये, तोही लशींपुरता आणि अपुरा. वस्तीतल्या शाळेत मी पहिल्या डोससाठी रांगेत उभी होते तेव्हा यातले काहीच मला ठाऊक नव्हते. हाफकिन यांनी कृती छापली ती साथ सरलेली नसताना, जून महिन्यात, हे मी नंतर वाचले.

त्या डॉलरवाल्या लेखाचे राहिलेच. सरकारने २०२५ पासून परदेशी नियतकालिके एकत्र विकत घेण्याची मोठी योजना सुरू केली आहे, सहा हजार कोटी रुपयांची, पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचे महाविद्यालय तीत नाही. सरांनी सुचविले की लेखिकेलाच पत्र लिही. मी भीतभीत चार ओळींचा ईमेल पाठविला, इंग्रजी दोनदा तपासून घेतले आणि जरीपटका कोठे आहे तेही लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख आला. सोबत त्या बाईंनी मुलकोवालच्या कागदपत्रांची आणखी काही पाने आपणहून पाठविली होती. चौकातल्या दुकानात मी सगळ्याच्या दोन प्रती काढल्या. एक माझ्या प्रकल्पाला जोडली आहे. दुसरी ग्रंथालयात दिली आहे, इतिहासाच्या कपाटात खालून दुसऱ्या खणात, निळ्या फायलीत. तिला अजून दाखल क्रमांक पडलेला नाही, तेव्हा कार्डांत शोधू नका, सरळ कपाटातच पाहा.